एकच अँटिबायोग्रॅम म्हणजे एकच जिवाणू का?

प्रश्न (परळ) : मी एका रुग्णालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळेत काम करते. गेल्या तीन आठवड्यांत नवजात अतिदक्षता कक्षातील चार बाळांच्या रक्तात क्लेब्सिएला न्यूमोनिए हा जिवाणू सापडला आणि तिथल्याच सिंकच्या जाळीवरून घेतलेल्या स्वॅबमध्येही तोच वाढला. पाचही नमुन्यांचा अँटिबायोग्रॅम, म्हणजे जिवाणू कोणत्या प्रतिजैविकांना दाद देतो आणि कोणत्यांना नाही याचा तक्ता, तंतोतंत जुळतो. तेवढ्यावरून सिंक हाच संसर्गाचा उगम, असे अहवालात लिहावे का?

उत्तर १ : इतक्यात लिहू नये. प्रतिकाराची जनुके बऱ्याचदा प्लाझमिडवर (मुख्य गुणसूत्राबाहेरच्या डीएनएच्या छोट्या वलयावर) असतात आणि प्लाझमिड एका जिवाणूतून दुसऱ्यात जातात, त्यामुळे एकमेकांशी नाते नसलेल्या जिवाणूंचाही अँटिबायोग्रॅम सारखा येऊ शकतो. पल्स्ड-फील्ड जेल ही डीएनए-चाचणी करून घ्या. त्यात जिवाणू अगारोजच्या छोट्या ठोकळ्यात अडकवून तिथेच फोडतात, म्हणजे लांबलचक डीएनए हाताळताना तुटत नाही. मग विकराने त्याचे मोजके तुकडे करून, विद्युतक्षेत्राची दिशा बदलत ते जेलमधून सरकवतात; लांबीनुसार वेगळे झालेले तुकडे जेलवर पट्ट्यांसारखे दिसतात. टेनोव्हर आणि सहकाऱ्यांच्या १९९५ च्या निकषांनुसार २ ते ३ पट्टे वेगळे असल्यास नाते जवळचे, ४ ते ६ असल्यास शक्यतेपुरते आणि ७ किंवा अधिक असल्यास जिवाणू वेगळा. माझा आग्रह एवढाच, की त्याच जेलवर दुसऱ्या वॉर्डातील दोन-तीन क्लेब्सिएलाही चालवा. नाहीतर रुग्णालयभर पसरलेला सर्वसाधारण प्रकारच तुम्हाला उद्रेक वाटेल.

उत्तर २ : वरील मताशी सहमत आहे, फक्त सोय असेल तर थेट संपूर्ण जनुकक्रम काढावा, कारण पट्टे जुळले तरी जनुकक्रमातले बारीक फरक जेलवर दिसत नाहीत. शिवाय नमुने जुळले तरी दिशा कळत नाही : सिंकमधून बाळांकडे, की बाळांचे पाणी ओतल्यामुळे सिंककडे? त्यासाठी कोणते बाळ कधी दाखल झाले आणि त्या सिंकपाशी कोण काय धूत होते, हे तारखांसह मांडावे लागते. २०११ मध्ये जर्मनीत ई. कोलाय ओ१०४:एच४ चा उद्रेक झाला, तेव्हा आधी काकड्यांवर संशय गेला होता. त्यांच्यावरचा जिवाणू रुग्णांमधल्या जिवाणूपेक्षा वेगळा निघाल्याने तो फिटला. मात्र मोड आलेल्या मेथीपर्यंत तपास पोहोचला तो रुग्णांनी काय खाल्ले आणि बियाणे कुठून आले याचा माग काढत.

प्रश्नकर्ती : आभारी आहे. पाचही नमुने ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांवर ठेवले आहेत आणि दाखल-तारखांचा तक्ता सिस्टरांकडून मागवला आहे. अहवालाची वाट न पाहता त्या सिंकचा वापर मात्र आजपासूनच बंद करत आहोत.