स्की बूट सैल पडतात : बदलू की जुळवून घेऊ?

केळीवाला_रावेर

मंडळी, नमस्कार. रावेरचा केळी बागायतदार स्की बुटांवर सल्ला मागतोय. हसायचं ते आधी हसून घ्या.

हिवाळ्यात मी गुलमर्गला जातो. भुसावळला झेलम धरायची, जम्मूला उतरायचं, पुढे श्रीनगर आणि टनमर्गवरून वर. सुरुवातीला सगळं सामान भाड्याचं असायचं. मग मावसभाऊ, जो ऑस्ट्रियात इन्सब्रुकला नोकरीला आहे, त्याने स्वतःसाठी नवं सामान घेतलं आणि जुने बूट व स्की मला आणून दिले. घरी घालून पाहिले तेव्हा एकदम ऐसपैस वाटले. कुठे टोचत नाही, कुठे दाबत नाही. मी खूश.

बर्फावर मात्र वेगळंच. वळण घ्यायला गुडघे पुढे दाबले की टाच आत वर उचलते. मी वळतो, स्की जरा उशिरा वळते. म्हणून मी चारही बकल करकचून आवळतो. तासाभरात पावलाचा वरचा भाग बधिर होतो, बोटांना मुंग्या येतात, आणि संध्याकाळी नडगी पुढून लाल झालेली असते. तिथल्या एका दुकानातल्या पोराने सांगितलं, दोन जाड मोजे घाला. घातले. पाय गरम राहायचे सोडून उलटे जास्त गार पडले.

बुटावर २७.५ लिहिलंय, फ्लेक्स (म्हणजे बूट किती कडक तो आकडा) ११०, आणि टाचेच्या बाजूला ३१७ मिमी. मी एरवी ८ नंबरची चप्पल घालतो. वजन ६८ किलो. गोंडोलाच्या, म्हणजे तिथल्या रोपवेच्या, दुसऱ्या टप्प्याने अफरवटवर जाण्याइतका तयार नाही, खालच्या उतारांवर आणि पहिल्या टप्प्याच्या कोंगडूरीला बरा खेळतो.

प्रश्न असा की आतलं सोल किंवा आतला मऊ बूट बदलून भागेल, की पूर्ण जोडच नवा घ्यावा? नव्याला तीस-चाळीस हजार सहज जातात. घरी हा आकडा काढला तेव्हा सौभाग्यवतींनी त्या पैशात ठिबकच्या नळ्या किती येतात ते ऐकवलं.

आणि एक. बूट वर्षभर माळ्यावर असतात, वर पत्रा आहे. आपल्याकडचा मे तुम्हाला माहीतच आहे. त्याने काही होतं का?

साक्रीकर

भाऊ, आठे लोके उनमा मरी ऱ्हायनात आनि तू बरफना बूट मोजी ऱ्हायना! आपला तोरणमाळ कमी पडस का?

बाकी आपल्याला यातलं काही कळत नाही, पण धागा वाचतोय.

पायवाट_पुणे

माझं साधं मत : विकतच्या भानगडीत पडू नका. वर्षातून एकदा जाता, भाड्याने घ्या. औलीला आम्ही कोर्स केला तेव्हा सगळं सामान तिथेच मिळालं होतं. बूट बरे नव्हते, पण निभावलं. तुमच्या बुटांत जेलचं सोल टाका, टाचेखाली पॅड टाका, बघा काय होतं ते. दोनेक हजारांत काम झालं तर चाळीस हजार कशाला घालवायचे?

अमळनेर_ते_कॅलगरी

केळीवाले भाऊ, थांबा. पॅडबिड आणण्याआधी एक काम करा, फुकटात होतं.

मी मूळची अमळनेरची, आता बरीच वर्षं कॅलगरीत. दर हिवाळ्यात बॅन्फकडे जाणं असतं, आणि इथे बूट विकणारा माणूस आधी पाय मोजतो, मग कवच तपासतो, किंमत सगळ्यात शेवटी सांगतो. तेच तुम्ही रावेरात करायचं आहे.

पहिलं, पाय सेंटिमीटरमध्ये मोजा. स्की बुटाचा नंबर म्हणजे सरळ पावलाची लांबी. २७.५ म्हणजे साडेसत्तावीस सेंटिमीटरचं पाऊल. चप्पल-बुटाच्या ८ नंबरशी त्याचा हिशेब लावू नका. आपण रोजचे बूट जरा मोकळेच घेतो, त्यामुळे तो आकडा नेहमी फसवतो. भिंतीला टाच टेकवा, पायावर पूर्ण वजन द्या, कागदावर सगळ्यात लांब बोटाची खूण करा. दोन्ही पाय मोजा. मोठा निघेल तो धरायचा.

दुसरं, आतला मऊ बूट पूर्ण बाहेर काढा आणि पायमोजा न घालता नुसत्या प्लास्टिकच्या कवचात पाय घाला. बोटं पुढे हलकी टेकेपर्यंत पाय सरकवा, गुडघे थोडे वाकवा, आणि टाचेमागे किती जागा उरते ते कुणाला तरी बघायला सांगा. दीड ते दोन सेंटिमीटर उरली तर ठीक. चांगले स्कीअर एक-दीडवर सुद्धा जातात. अडीचच्या वर गेली तर बूट तुमचा नाही, विषय संपला. आणि लक्षात ठेवा, २७ आणि २७.५ चं कवच बहुतेक ठिकाणी एकच असतं, फरक आतल्या सोलचा किंवा अस्तराचा, म्हणजे त्या मऊ बुटाचा. त्यामुळे 'अर्धाच नंबर मोठा आहे' हे कारण चालत नाही.

आता पायवाट पुणे यांच्या पॅडबद्दल. राग मानू नका, पण इथे ते उपाय उलटे पडतात. घट्ट बूट मोठा करता येतो. कवच तापवून हाडाजवळ फुगवतात, आतून घासतात, अस्तर गरम करून पायावर बसवतात. लांब बूट आखूड करायची सोय नाही. चांगल्या सोलने पावलाची कमान सावरते, टाचेजवळच्या पॅडने घोट्याची पकड थोडी वाढते, नवं जाड अस्तर रुंदीतली काही जागा भरतं. लांबी तशीच राहते. तुमचा पाय आत पुढेमागे सरकणारच. दांडा सैल असलेल्या कुऱ्हाडीसारखं आहे हे, पाचर ठोकून एखादं लाकूड फोडाल, मग पुन्हा हलायला लागेल.

तुमची सगळी लक्षणं एकाच गोष्टीची आहेत. टाच धरली जात नाही, म्हणून तुम्ही बकल आवळता. आवळल्यावर दाब पडतो पावलाच्या वरच्या बाजूला, जिथून बोटांकडे रक्तवाहिन्या आणि नसा जातात. म्हणून बधिरपणा, म्हणून गारठा. दोन मोज्यांनी तो दाब आणखी वाढला. मोजा एकच घालायचा, पातळ, लोकरीचा किंवा सिंथेटिक, आणि थर्मलची पँट बुटात अजिबात कोंबायची नाही, तिची घडी नडगीवर रुततेच. नडगी लाल होते कारण पाय आणि बुटाची जीभ यांच्यामध्ये पोकळी आहे आणि प्रत्येक वळणाला तुम्ही त्या जिभेवर आपटता.

घरात ऐसपैस वाटला म्हणालात ना? दुकानात माझ्या नवऱ्याचंही हेच झालं होतं. बरोबर मापाचा बूट सरळ उभं राहिल्यावर बोटांना टेकतो आणि नवख्या माणसाला वाटतं की लहान पडला. गुडघे वाकवले की टाच मागे बसते आणि बोटं सुटी होतात. विकणाऱ्याने सांगितलं नाही तर दहातले नऊ जण मोठाच घेऊन घरी जातील.

११० फ्लेक्सही तुम्हाला जास्तच आहे. हे आकडे प्रत्येक कंपनीचे आपापले असतात, एकमेकांशी ताडून बघण्यात अर्थ नाही. पण ६८ किलोच्या, खालच्या उतारांवर खेळणाऱ्या माणसाला ८०-९० च्या आसपास पुरे. शिवाय थंडीत प्लास्टिक आणखी कडक होतं. घरी वाकतो तेवढा बूट गुलमर्गला वाकणार नाही.

आधी मोजून सांगा, मग पुढचं बोलू.

साचा_आणि_डाय

जळगाव एमआयडीसीत इंजेक्शन मोल्डिंगचं काम करतो. स्की आयुष्यात पाहिलेली नाही, प्लास्टिक मात्र रोज बघतो. माळ्याचा प्रश्न माझा.

बऱ्याच चांगल्या स्की बुटांचं कवच पॉलियुरेथेनचं असतं, स्वस्तातल्यांचं पॉलिओलेफिनचं. पॉलियुरेथेनला, त्यातही एस्टर जातीच्या, दमट हवा आणि उष्णता एकत्र सोसत नाही. हवेतलं पाणी त्याच्या साखळ्या हळूहळू तोडतं, आणि तापमान वाढलं की हे काम झपाट्याने होतं. पत्र्याखालचा माळा मे महिन्यात बाहेरच्या पंचेचाळीसपेक्षाही वर जातो. जूनमध्ये त्यावर पावसाळी दमट हवा. प्लास्टिकचं आयुष्य कमी करायला याहून सोयीची जागा घरात सापडणार नाही.

वाईट भाग असा की वरून कळत नाही. रंग ठीक, चमक ठीक, आणि जोर पडला की कवच तडकतं. तुमच्या बाबतीत तो जोर उतारावर पडणार.

अस्तर काढाल तेव्हा टॉर्च मारून कवचाच्या आत किंवा तळाला बघा. बऱ्याच मोल्डेड भागांवर घड्याळासारखं छोटं वर्तुळ असतं, कडेने १ ते १२ आकडे आणि मध्ये बाण. आकडे म्हणजे महिने, मधलं वर्ष. वस्तू कधी ओतली ते त्यावरून समजतं. तसंच बकलच्या रिवेटभोवती आणि घोट्याच्या सांध्यापाशी पांढरट रेषा किंवा केसासारख्या भेगा आहेत का ते पाहा. पृष्ठभाग चिकट लागला तर बूट तिथेच बाजूला ठेवा. पण भेगा दिसल्या नाहीत म्हणून माल चांगला असं समजू नका. घरी बसून खात्री करण्याची परीक्षा नाही.

आणि हीट गन लावून घरी आकार द्यायच्या फंदात कुणी पडू नका. ती गन सहज पाचशे डिग्रीची हवा फेकते. आमच्याकडे अनुभवी पोरंही पीस वाकडा करून ठेवतात.

पुढचे बूट दिवाणात किंवा खालच्या कपाटात ठेवा. अस्तर आधी पूर्ण वाळवा, बकल अलगद लावून ठेवा म्हणजे कवचाचा आकार उघडत नाही.

केळीवाला_रावेर

सगळ्यांचे आभार. मोजलं.

डावा पाय २६.१, उजवा २६.४. कवचात पाय घातल्यावर मागे काय मापायचं सुचेना, मग १६ मिमीची लॅटरल आणली. ठिबकची नळी आमच्याकडे पट्टीच्या आधी सापडते. नियमाप्रमाणे एक नळी टाचेमागे बसून संपायला हवं होतं. एक तर सहज गेली, तिच्या मागे दुसरीही जवळजवळ पूर्ण गेली. पुतण्या म्हणे, काका, यात अजून एक गडी मावेल.

वर्तुळही सापडलं. मध्ये ०७, बाण ५ वर. म्हणजे मे २००७. रिवेटपाशी एका बाजूला पांढरट रेघ आहे, भेग म्हणावी का ते ठरेना.

तर हे बूट आता घालत नाही. मावसभावाला फोन केला, तो म्हणतो की माप पाठव, दिवाळीला येताना नवे आणतो. हे चालेल का? जळगावात स्की बूट मागितले तर गमबूट दाखवतील, त्यामुळे इथे घालून बघायचा प्रश्नच नाही.

अमळनेर_ते_कॅलगरी

दोन नळ्या गेल्या म्हणजे निकाल लागला. प्लास्टिक नवंकोरं असतं तरी मी हेच म्हटलं असतं.

नुसत्या लांबीवर नवे मागवू नका. पंजाची रुंदी, पावलाची उंची, पोटरी किती खाली सुरू होते, या तीन गोष्टी फोनवर कळत नाहीत. येत्या हंगामात पायवाट पुणे यांचं ऐका, भाड्याने घ्या. पण दुकानात 'आठ नंबर द्या' म्हणू नका, २६.५ मागा. अस्तर काढून तीच नळीची तपासणी तिथे करा, दुकानदार बघत राहिला तरी चालेल. ओलं अस्तर मिळालं तर दुसरं मागून घ्या. पहिल्या दिवशी बूट पटला नाही तर संकोच न करता बदला. जो बरा बसेल त्याची कंपनी, मॉडेल आणि रुंदीचा आकडा लिहून ठेवा, ९८ मिमी अरुंद, १०० मध्यम, १०२ च्या पुढे रुंद. ती माहिती हातात आली की मावसभावाला सांगा, आणि परत घेणाऱ्या दुकानातूनच आणायला सांगा. घरी आले की बर्फ बघायच्या आधी टीव्हीसमोर तासभर घालून बसा, मधूनमधून उभं राहून गुडघे वाकवा. एकाच जागी टोचलं तर ते फुगवून घेता येतं. सगळीकडून सारखी पकड असेल तर तोच हवा.

घालताना टाच जमिनीवर आपटून मागे बसवायची, गुडघा वाकवायचा, वरची बकल आधी, मग पट्टा, खालच्या दोन अगदी हलक्या. तुम्ही आत्तापर्यंत बहुधा खालून आवळत आलात.

एक महत्त्वाचं राहिलं. मावसभावाची स्की वापरणार असाल तर तिचं बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरणारा आणि पडल्यावर सोडणारा भाग, तुमच्या जुन्या बुटाच्या ३१७ मिमी लांब तळाला लावलेलं आहे. २६.५ च्या बुटाचा तळ साधारण ३०५ च्या आसपास येतो. टाचेचा भाग पुढे सरकवून पुढचा दाब आणि सुटण्याचा आकडा जाणकाराकडून पुन्हा लावून घ्यावा लागेल, तसंच घातलं तर पडल्यावर स्की सुटणार नाही किंवा भलत्या वेळी सुटेल. आणि बाइंडिंगही त्याच काळातलं असेल तर नवीन ग्रिपवॉक तळाचे (चालायला सोयीच्या, वक्र रबरी तळाचे) बूट त्यात चालत नाहीत. मावसभावाला साधा अल्पाइन तळ सांगा, आयएसओ ५३५५ चा.

केळीवाला_रावेर

बाइंडिंगचं डोक्यातही नव्हतं. ताई, हे सगळं कागदावर उतरवून घेतलं आणि त्याला पाठवलं. सौभाग्यवतींना अजून आकडा सांगितलेला नाही.

साचा_आणि_डाय

भाऊ, ते जुने बूट फेकू नका, कुणाला देऊही नका. जळगावला आलात की एमआयडीसीत घेऊन या. रिवेटपाशी कापून बघतो, आतून किती गेलंय ते. फोटो इथेच टाकतो.

केळीवाला_रावेर

सोमवारी येतोय मार्केटला. गाडीत टाकतो.