अगोंदा गोवन या गोव्यातल्या देशी डुकरांची जनुकीय विविधता मोजायची कशी?

काणकोणकर: माझ्याकडे 20 माद्या नि 2 नर आहेत, शेजारी म्हणतो 22 जनावरं म्हणजे जात टिकलीच की, पण डीएनए टेस्ट करावी का?

चष्मेवाला: अहो डोकी मोजून काय होतंय, 4 गुणिले नर गुणिले माद्या भागिले एकूण, म्हणजे 160 भागिले 22, साधारण 7. जनुकांच्या हिशोबात तुमचा कळप सातच जणांचा! आधी बाहेरचा नर बघा.

सावंत_लॅब: टेस्ट केलीत तर एकाच विणीतली भावंडं नका देऊ, कानाचा बारीक तुकडा पुरतो, एफएओच्या (संयुक्त राष्ट्रांची अन्न नि शेती संघटना) यादीत डुकरांसाठी 30 मायक्रोसॅटेलाइट मार्कर, म्हणजे डीएनएवर तपासायच्या खुणा, आहेत.

काणकोणकर: सात?? आणि दोन्ही नर एकाच आईचे आहेत 😬

चष्मेवाला: मग सात पण नाहीत.