डोकेदुखी आणि मायग्रेनचे ऑनलाइन शिक्षण: प्राथमिक केंद्रातील डॉक्टरांनी नेमके काय शिकावे?

वैद्यकीय अधिकारी, सत्तरी

नमस्कार. मी सत्तरी तालुक्यातील एका प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करते. काजूच्या हंगामात उन्हात अर्धपोटी राबून आलेल्या, किंवा हरितालिकेच्या उपवासानंतर अर्धशिशीने बेजार झालेल्या बायका मला नवीन नाहीत. परंतु बहुतेकींनी आपल्या दुखण्याला आधीच 'सायनस' असे नाव देऊन ठेवलेले असते, आणि खरे सांगायचे तर काही वेळा मीही केसपेपरवर तेच लिहिले आहे. एमबीबीएसला डोकेदुखी आम्ही मुख्यतः मेंदूतील गाठ आणि मेंदूज्वर यांच्या निमित्ताने शिकलो. बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात जाऊन प्रशिक्षण घेण्याइतकी रजा मिळत नाही, म्हणून रात्री घरी बसून ऑनलाइन शिकायचे ठरवले आहे. माझ्या ओपीडीत उपयोगी पडेल असा अभ्यासक्रम कशावरून ओळखावा?

मेंदूविकारतज्ज्ञ, पणजी

डॉक्टर, अमेरिकन हेडेक सोसायटीचा 'फर्स्ट कॉन्टॅक्ट' हा उपक्रम प्राथमिक उपचार करणाऱ्यांसाठीच आखलेला आहे. तेथून सुरुवात करावी. मात्र त्याआधी इंटरनॅशनल हेडेक सोसायटीच्या 2018 च्या वर्गीकरणातील मायग्रेनचा भाग वाचा, तो इंटरनेटवर विनामूल्य मिळतो. मायग्रेन म्हणण्यासाठी त्यातील निकष असे: उपचार न केल्यास 4 ते 72 तास टिकणारे किमान 5 झटके. एका बाजूला दुखणे, ठणकणे, मध्यम ते तीव्र वेदना आणि जिना चढण्यासारख्या हालचालीने दुखणे वाढणे, या चारांपैकी दोन लक्षणे. शिवाय मळमळ किंवा उलटी, नाहीतर उजेड व आवाज दोन्ही नकोसे होणे. यासाठी यंत्र लागत नाही, विचारावे मात्र लागते. मायग्रेनच्या झटक्यातही नाक चोंदते आणि डोळ्यांतून पाणी येते, त्यामुळेच 'सायनस'चा घोळ होतो; पण ताप नाही, नाकातून पिवळा स्राव नाही, आणि दुखणे दर महिन्याला येऊन दोन दिवसांत आपोआप ओसरते, असे असेल तर सायनसला दोष देऊ नये.

अभ्यासक्रम निवडताना दोनच गोष्टी पाहा: रुग्णाशी झालेले संभाषण त्यात दाखवले आहे का, आणि महिन्यात किती दिवस गोळ्या घेतल्या हे मोजायला शिकवले आहे का. नव्या महागड्या इंजेक्शनांवरचे तासाभराचे व्याख्यान ऐकायला छान वाटते, पण तुमच्या केंद्रात त्याचा उपयोग काय? धोक्याच्या खुणा मात्र पाठ हव्यात. क्षणार्धात शिगेला पोचलेली डोकेदुखी, तापासह आखडलेली मान, हातापायातील अशक्तपणा, गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर नव्याने सुरू झालेले दुखणे, यांना घरी पाठवू नये. पन्नाशीनंतर प्रथमच कानशील दुखू लागले आणि चावताना जबडाही दुखतो असे कळले, तर ईएसआर (शरीरातील दाह दाखवणारी रक्ताची तपासणी) करून त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात पाठवा, कारण उशीर झाल्यास दृष्टी जाऊ शकते.

औषधविक्रेता, म्हापसा

वरील गोळ्यांच्या दिवसांबद्दल थोडे लिहितो. अर्गोटामिन, कॅफीन आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेल्या गोळ्या मागायला येणारी माणसे आठवड्यातून दोनदोनदा दिसतात, आणि डॉक्टरांना ती हे सांगत नाहीत, कारण त्यांच्या मते ते 'औषध' नसतेच. अशा संयुक्त गोळ्या महिन्यात 10 किंवा अधिक दिवस, आणि साध्या वेदनाशामक गोळ्या 15 किंवा अधिक दिवस, असे तीन महिन्यांहून जास्त काळ चालले, तर त्या गोळ्यांमुळेच डोके दुखू लागते. मी ओळखीच्या गिऱ्हाइकांना सांगतो की दुधाचा हिशेब मांडता त्याच भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर दुखण्याच्या दिवशी फुली मारा आणि गोळी घेतली तर त्या फुलीभोवती गोल करा.

वैद्यकीय अधिकारी, सत्तरी

दिनदर्शिकेची युक्ती मी उचलते. झटके येऊच नयेत म्हणून रोज द्यायला माझ्याकडे प्रोप्रानोलॉल आणि ॲमिट्रिप्टिलीन एवढीच औषधे आहेत. ती मी स्वतः सुरू करावीत का, की रुग्णाला बांबोळीला पाठवावे?

मेंदूविकारतज्ज्ञ, पणजी

धोक्याची खूण नसेल तर अवश्य सुरू करा. दम्याच्या रुग्णाला प्रोप्रानोलॉल देऊ नये. ॲमिट्रिप्टिलीन रात्री 10 मिलिग्रॅमपासून हळूहळू वाढवावे. गुण दिसायला दोनेक महिने लागतात हे पहिल्याच दिवशी सांगा, नाहीतर पंधरवड्यात गोळ्या बंद होतात. गरोदर राहू शकणाऱ्या स्त्रीला व्हॅल्प्रोएट (झटके टाळण्यासाठी दिले जाणारे फिट्सचे औषध) देणे टाळावे. एखाद्या स्त्रीला दुखण्याआधी डोळ्यांपुढे नागमोडी रेषा चमकताना दिसत असतील, तर ती इस्ट्रोजेनयुक्त गर्भनिरोधक गोळ्या घेते का हे विचारा, आणि घेत असल्यास दुसरे साधन सुचवा, कारण अशा स्त्रियांमध्ये पक्षाघाताचा धोका वाढतो.