मदत हवी आहे: खपलीच्या पिठाचा पास्ता
नमस्कार मंडळी. थंडीत कपिलतीर्थ मंडईत ओला मटार, सोलाणे, कोवळी मेथी आली की मला घरी पास्ता करावासा वाटतोच. १०० ग्रॅम मैद्याला एक अंडं, हे इटालियन प्रमाण छान जमतं. आता मात्र आपल्या खपली गव्हाचं पीठ वापरायचंय. इटलीतही हा गहू फार्रो नावाने पिकतो. पण पातळ लाटताना कडा चिरतात. बारीक रवा किती मिसळू? पीठ किती वेळ झाकून ठेवू? सासूबाईंना अंडं चालत नाही, तर नुसत्या पाण्यात कुणी मळतं का?

शिवाय असे पदार्थ आणि त्यासोबत नाशिकची कुठली वाईन निवडावी, हे शिकवणारा वर्ग कोल्हापूर-सांगलीकडे आहे का? शनिवार-रविवारचा असेल तर फारच उत्तम.