जंगलातल्या मातीत राखेसारखा थर कशामुळं?

परभणीकर: भाचा अमेरिकेत न्यू हॅम्पशायरला असतो, त्यानं जंगलातल्या खड्ड्याचा फोटो पाठवला. वर पालापाचोळा, खाली राखेसारखा थर, मग तांबूस माती अन् सगळीकडं रेती-गोटे. आपल्या काळ्या रानात असं का नाही?

लातूरवाला: दादा, ती पॉडझॉल माती. सडलेल्या पाल्याचं आम्ल पावसासंगं लोह, ॲल्युमिनियम धुऊन खाली नेतं, म्हणून वर राखेसारखा थर उरतो अन् खाली तांबूस थर बसतो. आपली बेसॉल्टची चिकण माती, त्यात चुनखडी, आम्ल टिकतच नाही.

माजलगावकर: गोट्यांचं सांगतो, तो मुलूख पूर्वी हिमनदीखाली होता. नदी जड-हलकं निवडून टाकते, हिमनदी रेतीपासून धोंड्यापर्यंत सगळं एकत्र ओढत आणते अन् बर्फ वितळला की तिथंच सोडते. पाणी झरझर मुरतं, पण काही ठिकाणी खाली दाबून घट्ट झालेला थर असतो तिथं अडतं.

परभणीकर: मग पिकतं काय?

लातूरवाला: ब्लूबेरीला अशीच आम्लधर्मी माती लागते, बाकी बहुतेक पिकांना चुना टाकावा लागतो.