रंगाच्या स्प्रे गनला हवा कमी पडते, शिवाय पाइप ओल्या रंगाला लागला

चिपळूणचा_८००:
नमस्कार मंडळी. वडिलांची ९७ची मारुती ८०० घरच्या पडवीत रंगवतोय. २ एचपीचा कॉम्प्रेसर, ८ एमएमचा निळा गुंडाळीचा पीयू (पॉलियुरेथेन) पाइप, १.४ नोझलची वरच्या भांड्याची गन. टाकीजवळच्या रेग्युलेटरवर ४० पीएसआय दिसतं, पण ट्रिगर दाबून पाच-सहा हात मारले की फवारा आखडतो आणि थेंब उडतात. काल बॉनेटवर क्लिअर (रंगावरचा पारदर्शक थर) मारताना पाइपाची गुंडाळी मागे खेचली गेली आणि मडगार्डाला घासली. बोटभर चरा उठला. पाइप बदलू की कॉम्प्रेसर?

पेंटर_कोल्हापूर:
दादा, आधी पाइप. ८ एमएमचा पीयू बाहेरून ८ असतो, आतून जेमतेम ५. त्यातून गनला पुरेल एवढी हवा जातच नाही. आतून १० एमएमचा रबरी पाइप घ्या, लांबी लागेल तेवढीच. कपलर (पाइप जोडायचे सांधे) पण मोठ्या भोकाचे घ्या, साधे कपलर तिथेच हवा अडवतात. गनच्या बुडाशी छोटा गेज लावा आणि ट्रिगर दाबून ठेवून प्रेशर बघा. ट्रिगर सोडलेला असताना दिसणारा आकडा धरून चालू नका.

टेफ्लॉन टेप लावताना पहिला आटा मोकळा सोडा. टेपचा तुकडा गनमध्ये शिरला की तासभर जातो, मी भोगलंय. नवा पाइप गन जोडण्याआधी नुसत्या हवेने फुंकून घ्या. आणि ज्या पाइपावर तेल घालून हवेवर चालणारा नट-बोल्टचा पाना चालवलाय तो रंगाला नको. तेलाच्या कणाने क्लिअरमध्ये खड्डे पडतात.

गुंडाळीचा पाइप रंगकामाला आणूच नका, ताणला की तो मागे खेचतो. सरळ पाइप पाठीमागून डाव्या खांद्यावर घ्या, छपरावर वाकताना एक वेटोळं डाव्या हातात धरा. सुरू करण्याआधी ओल्या फडक्याने पुसा, नाहीतर जमिनीवरची सगळी धूळ तोच गाडीवर नेतो.

देवरुखकर:
आपल्याकडची दमट हवा विसरू नका. टाकीला चिकटून बसवलेला वॉटर ट्रॅप (हवेतलं पाणी अडवणारं भांडं) फारसं पाणी पकडत नाही. हवा तिथे गरम असते, पाणी वाफेतच पुढे जातं आणि पाइपात थंड होऊन उतरतं. माझा ट्रॅप भिंतीवर आहे, टाकीपासून सात-आठ मीटर लांब. टाकीचा खालचा कॉक रोज उघडतो, ऑगस्टमध्ये कपभर पाणी निघतं.

चिपळूणचा_८००:
पेंटरकाका, गेज लावला. ट्रिगर सोडून ४०, दाबला की २२! विश्वास बसेना म्हणून तीनदा बघितलं. १० एमएमचा पाइप आणि मोठे कपलर आणले, आता दाबल्यावर ३४ राहतं. टाकी लहान असल्यामुळे एक दरवाजा झाला की ती भरेपर्यंत थांबतो. मडगार्ड ८०० नंबरच्या पेपरने पाण्यात घासून ठेवलाय, रविवारी ऊन असेल तर क्लिअर मारतो.