फेस उतू जात असेल तर झाकण आवळू नये
आंबत ठेवलेल्या गव्हाच्या बिअरच्या भांड्यावरील एअरलॉकमधून (आतला वायू बाहेर सोडणारी, पण बाहेरची हवा आत न येऊ देणारी छोटी झडप) फेस बाहेर येत असल्यामुळे झाकण घट्ट आवळावे का, असे आपण विचारले आहे. तसे कृपया मुळीच करू नये, कारण फेसाबरोबर आलेला हॉप्सचा (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा) चोथा अरुंद नळीत अडकला की कार्बन डायऑक्साइडचा दाब वाढत जातो आणि काचेचे भांडे असल्यास ते फुटूही शकते. एअरलॉक काढून तिथे निर्जंतुक केलेली रुंद नळी बसवावी व तिचे दुसरे टोक पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवावे. गव्हाच्या बिअरचे यीस्ट मुळातच फार फेसाळते, त्यामुळे पुढच्या वेळी भांड्याचा निदान चौथा भाग रिकामा ठेवलेला बरा. आतले तापमान खोलीपेक्षा काही अंशांनी जास्त असते, तेव्हा ओले फडके गुंडाळून ते २० अंश सेल्सिअसच्या आसपास आणावे, मात्र हळूहळू. एकदम बर्फात ठेवल्यास यीस्ट तळाशी बसून आंबण्याची क्रिया अर्धवट थांबू शकते.